चाकाची धांव आणि रानाचा वापसा

अलीकडे मंडळाच्या सभासदांची गांठ पडली म्हणजे एक प्रश्न वरचेवर कानीं येतो. चिरंजीव छत्रपती संभाजीनगरांत तंत्रशिक्षण घेत असतात. सुटींत घरीं आले कीं जुन्या दुचाकीचें इंजिन, लोखंडी नळ्या आणि चार लहान चाकें जमवून रानांत पळणारी गो-कार्ट बांधावयास बसतात. आणि वडील आम्हांस विचारतात कीं, हिला टायर कोणते घ्यावे? दुकानदार एक सांगतो, गॅरेजवाला दुसरें सांगतो, आणि मुलांस तर जो दिसण्यांत उग्र तोच टायर हवा असतो. पैसा मात्र या तिघांपैकीं कोणाचाच जात नाहीं; तो बापाच्या कापसाच्या पट्टींतून जातो.

शेतकी मासिकानें मुलांच्या हौसेच्या गाडीचा विचार कशास करावा, अशी शंका कोणी घेईल. आमचें उत्तर असें कीं, गाडी हौसेची असली तरी तिचें चाक ज्या जमिनीवर फिरतें ती जमीन हौसेची नाहीं. शिवाय मुलगा या लहान गाडीचे टायर निवडतांना जी चूक थोडक्या पैशांत करतो, तीच चूक बाप ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या टायरांत पुष्कळ अधिक पैशांत करीत असतो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें सविस्तर देतों. तें थोडक्यांत असें: टायर दुकानाकडे पाहून निवडूं नये, जमिनीकडे पाहून निवडावा; आणि कोणताही टायर वापशाची जागा घेऊं शकत नाहीं.

गो-कार्ट ही वस्तु मुळांत आपल्याकडील नव्हे. १९५६ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं आर्ट इंगल्स यांनीं गवत कापण्याच्या यंत्राचें लहान इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली गो-कार्ट केली. ती सपाट, फरसबंद जागेवर धांवणारी होती. पुढें तिच्याच धर्तीवर माळरानांत चालणाऱ्या गाड्या निघाल्या. अमेरिकेंतील विद्यार्थ्यांची ‘बाहा’ नांवाची स्पर्धा १९७६ सालीं सुरू झाली. तिची भारतीय आवृत्ति २००७ सालापासून मध्यप्रदेशांत पिथमपूर येथें भरूं लागली. या स्पर्धेंत अवघ्या दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर चिखल, दगड, चढ व खड्डे यांतून गाडी तासचे तास चालवून दाखवावी लागते. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांचे संघ तेथें उतरतात, आणि त्यांत शेतकऱ्यांचीं मुलें असतात. हें शिक्षण आम्ही वायफळ समजत नाहीं. इंजिन लहान असलें म्हणजे चाकाची चूक लपत नाहीं. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर चुकीच्या टायरावरही डिझेल जाळून पुढें जातो. दहा अश्वशक्तीची गाडी मात्र जागच्या जागीं थांबते आणि चूक दाखवून देते.

वास्तविक चाकावर काय चढवावें हा प्रश्न आपल्यास नवा नाहीं. आपल्या बैलगाडीच्या बाभळीच्या चाकावर लोहार लोखंडी पट्टी तापवून चढवीत असे व पाणी ओतून ती आवळीत असे; तिलाच आपण धांव म्हणतों. टायर म्हणजे रबराची धांव. जुन्या चाकांत एक मोठा गुण होता: तें पुरुषाच्या छातीइतकें उंच असे. चाक जितकें उंच तितकें तें ढेकूळ, दगड व चाकोरी सहज ओलांडतें. हा नियम सुतारास पुस्तकावांचून ठाऊक होता. त्यांत एक दोषही होता: धांव दोन-तीन बोटें रुंद, व लोखंडाची. सगळें वजन तेवढ्याशा पट्टीवर येई. म्हणून ओल्या रानांत चाक कापीत जाई, आणि पांदीला गुडघाभर चाकोऱ्या पडत.

हा दोष हवेनें घालविला. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं बेलफास्ट येथें हवा भरलेला टायर व्यवहारांत आणला. तथापि शेताच्या यंत्रास तो मिळावयास पुष्कळ काळ गेला. पहिले ट्रॅक्टर लोखंडी चाकांचे व चाकांवर खिळ्यांसारखे दांते असलेले असत. १९३२ सालीं अमेरिकेंत अॅलिस-चामर्स कंपनीनें हवेच्या टायरांवर ट्रॅक्टर विक्रीस काढला. त्याच्या आधीं जे प्रयोग झाले त्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मालमोटारीचे कडक हवेचे टायर घालून पाहतां काम साधलें नाहीं. विमानाचे रुंद टायर अवघ्या पंधरा पौंड हवेवर घातले तेव्हां साधलें. म्हणजे गुण केवळ रबरांत नव्हता. तो मऊ हवेंत होता. आज नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं तरी हा धडा आपल्या गांवीं पुरता पोंचला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

याचें गणित सोपें आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो बहुतांशीं त्यांतील हवेच्या दाबाइतकाच असतो. गो-कार्ट व चालविणारा मिळून ३०० किलो वजन धरूं; सोयीसाठीं तें चारही चाकांवर सारखें धरूं; म्हणजे एका चाकावर ७५ किलो, अर्थात् सुमारें १६५ पौंड. टायरांत हवा दर चौरस इंचास २० पौंड असेल तर तें चाक साधारण आठ चौरस इंच जागेवर उभें राहील. हवा ७ पौंड असेल तर साधारण चोवीस चौरस इंच जागेवर. गाडी तीच, वजन तेंच, टायरही तोच. पण पायाखालची जागा तिप्पट झाली. मऊ रानांत जें चाक बुडत होतें तें आतां वर राहतें. अर्थात् हवा वाटेल तितकी काढतां येत नाहीं. फार उतरविली तर टायरची कड रिमावरून निसटते व वळणावर गाडी दगा देते. टायरावर छापलेली मर्यादा पाळावी. मोटारीची हवा मोजण्याचें साधें मापक इतक्या कमी दाबास बरोबर दाखवीत नाहीं. त्यासाठीं कमी दाबाचें मापक वेगळें घ्यावें लागतें. टायरावर हजारों रुपये घालणारे लोक या लहानशा वस्तूसाठीं खिशांत हात घालीत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें.

याच गणितावरून दुसरी एक सार्वत्रिक चूक ध्यानांत येईल. काटकसर म्हणून मोटारीचे जुने टायर गो-कार्टला घालण्याची रीति आहे. मोटारीचा टायर एका चाकावर तीन-चारशें किलो वजन झेलण्यासाठीं केलेला असतो. त्याची बाजू तशीच ताठ असते. त्यावर ७५ किलो वजन ठेवलें तर हवा काढूनही तो दबत नाहीं. वाटोळाच राहतो व अरुंद पट्टीवर टेकतो. स्वस्तांत मिळालेली ही रबराची धांव लोखंडी धांवेचेंच काम करूं लागते. हलक्या गाडीस हलक्या बाजूचा टायर घ्यावा. दोन किंवा चार थरांचा पुरे.

आतां जमिनीकडे वळूं. आपल्या जिल्ह्यांत एकच जमीन नाहीं. पैठण व गंगापूर तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं खोल काळी जमीन आहे, खुलताबाद व कन्नडच्या डोंगराकडे मुरमाड, बरड व दगडगोट्यांची, नदीनाल्यांत वाळू. तिन्हींस एक टायर सोसत नाहीं.

काळ्या जमिनींतील चिकणमाती पाण्यानें फुगते व चाकास चिकटते. येथें टायरावरील कंगोरे उंच असावे, पण त्यापेक्षां महत्त्वाचें म्हणजे ते एकमेकांपासून दूर असावे. दाट कंगोऱ्यांच्या मधली जागा दोन फेऱ्यांतच मातीनें भरते, आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरूं लागतो. विरळ, तिरपे कंगोरे चाक फिरतांना माती बाहेर फेंकतात. मात्र त्यांची दिशा बरोबर पाहिजे: बाणाचें टोंक आधीं जमिनीस टेकलें पाहिजे, म्हणजे माती मधून कडेस निघते. टायरच्या बाजूवर बाण छापलेला असतो. तो न पाहतां चाक उलट बसविलेलें आम्हीं ट्रॅक्टरवरही पाहिलें आहे.

मुरमाड व दगडी रानांत हेंच उंच कंगोरे निरुपयोगी. तेथें चाक रुतण्याचें भय नाहीं. झिजण्याचें व फाटण्याचें आहे. कंगोरे ठेंगणे, जवळजवळ व बाजू थोडी जाड असलेला टायर तेथें टिकतो. उंच कंगोरे दगडावर थरथरतात, आणि डांबरी रस्त्यावर तर एका हंगामांत निम्मे होतात. वाळूंत पुन्हां निराळाच प्रकार: तेथें कंगोरा चाकास पुढें नेत नाहीं, खालीं नेतो. रुंद टायर, उथळ नक्षी व मऊ हवा, हीच वाळूची युक्ति.

मापाचाही विचार करावा. टायरावर १६×८-७ असें लिहिलेलें असेल तर बाहेरील उंची १६ इंच, रुंदी ८ इंच व रिम ७ इंच असा अर्थ समजावा. ट्रॅक्टरच्या १२.४-२८ या आंकड्यांत मात्र पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिमाचा असतो. उंच चाक अडथळे सहज ओलांडतें हें वर सांगितलेंच. परंतु इंजिनाच्या गाडींत त्याची किंमत मोजावी लागते. १६ इंचांच्या जागीं २२ इंचांचा टायर घातला तर वेग सवापटीहून अधिक होतो, आणि ओढ मात्र चौथाईहून अधिक घटते. बैल ओढीत असतां ही अडचण नव्हती. चाक उंच केलें म्हणून बैलाचें बळ कमी होत नसे. म्हणून टायर मोठा केल्यास मागील साखळीचें दांतेरी चाकही मोठें करावें. नाहीं तर चढावर इंजिन बसतें. शिवाय गाडी जितकी उंच तितकी ती कलंडण्यास सोपी. म्हणून उंची वाढविली तर चाकांमधील अंतरही वाढवावें.

पुढचे व मागचे टायर एकसारखे घेण्याचा मोह टाळावा. बहुतेक गो-कार्टांत मागील दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट असतात. वळतांना बाहेरील चाकास अधिक वाट चालावी लागते, पण तें मोकळें नसल्यामुळें दोहोंपैकीं एकानें घसरल्याशिवाय गाडी वळत नाहीं. मागें फार पकडणारे टायर व पुढें गुळगुळीत, असें झालें तर मूल चाक फिरवितें आणि गाडी सरळच जाते. पुढें अरुंद व गोलाकार उभ्या रेघांचे टायर असावे. तेच दिशा धरतात. ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवर उभ्या रेघा असतात त्या याचसाठीं.

कांट्यांचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. ज्या बाभळीच्या लाकडाचें आपलें जुनें चाक, तिचाच कांटा रबराच्या चाकाचा वैरी झाला आहे. आणि कांट्याहून वाईट म्हणजे पऱ्हाटीचीं व तुरीचीं तिरपीं कापलेलीं धसकटें. तीं वाळलीं म्हणजे भाल्यासारखीं टायरांत शिरतात. यावर जाड टायर हा उपाय पुरा नव्हे, कारण जाडपणाबरोबर ताठपणा येतो. धसकटें जमिनीलगत कापावीं किंवा उपटावीं, गाडी तासांमधून न्यावी, तासें तोडून नेऊं नये; आणि छिद्र बुजविणारा द्रव टायरांत घालून ठेवावा.

एवढें सर्व सांगून झाल्यावर आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. मुलें म्हणतात, ‘उंच कंगोऱ्यांचा टायर घेतला म्हणजे चिखलांतही जातां येतें.’ ट्रॅक्टरवाले हेंच म्हणतात. आमचें म्हणणें असें कीं, चिखलांत जातां येतें हाच तर त्या टायरचा दोष आहे. आमच्याच रानांत एकदां मृगाचा मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं मुलांनीं नव्या टायरांची गाडी कपाशीच्या वावरांत घातली. अर्ध्या वावरांत ती पोटापर्यंत बसली व बैल लावून बाहेर काढावी लागली. त्याबद्दल कोणास रागावण्यासारखें नव्हतें. परंतु ज्या पट्ट्यांत चाकें फिरलीं व बैल झटले, त्या पट्ट्यांतील कपाशी दिवाळीपर्यंत खुरटी राहिली. पट्टे दुरूनही ओळखूं येत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तें हेंच.

काळी जमीन ओली असतां दाबली कीं तिच्या कणांमधील हवेची व पाण्याची वाट बुजते. वरच्या थरावर हवेच्या दाबाचा परिणाम होतो. खोल थरावर एकंदर वजनाचा. म्हणून हलकी गाडी चार-सहा इंचांचीच हानि करते, भरलेली ट्रॉली मात्र नांगराच्या तळाखालीं कठीण थर करते, आणि तो थर सहजासहजीं फुटत नाहीं. आपल्या काळ्या जमिनीस देवानें एक सोय दिली आहे: उन्हाळ्यांत ती भेगाळते व स्वतःस कांहीं अंशीं मोकळी करून घेते. परंतु या सोयीस कांहीं हंगाम लागतात, आणि आपण दर हंगामीं नवा भार टाकतों. जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर. त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जें पाणी मुरलें तेंच आपलें. दबलेल्या पट्ट्यांतून तें वाहून जातें.

ज्यास यांत संशय असेल त्यानें स्वतः परीक्षा पाहावी. पेन्सिलीएवढी जाड लोखंडी सळई घेऊन ती चाकाच्या वाटेवर व वाटेपासून दोन हात दूर हातानें दाबावी. जेथें ती अडते तेथें कपाशीचें मूळही अडतें. मुठींत माती घेऊन लाडू वळावा. तो सहज फुटला तर वापसा आला, चिकटून लांबला तर चाक बांधावरच ठेवावें. आणि रानांत नेहमीं एकाच वाटेनें जावें. दबण्याची बहुतेक हानि पहिल्याच फेरींत होते. म्हणून दहा नव्या वाटा पाडण्यापेक्षां एक जुनी वाट बरी.

याचा अर्थ गो-कार्ट बांधूं नये असा नव्हे. मोसंबीच्या बागेंत ओळींमधून क्रेट वाहण्यास, फवारणीचें पाणी नेण्यास अशा हलक्या, मऊ चाकांच्या गाडीचा उपयोग मोठ्या ट्रॅक्टरपेक्षां अधिक होईल. कारण मोसंबीच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्याच थरांत असतात. फक्त दोन गोष्टी पित्यांनीं सक्तीनें पाळाव्या. नोंदणी नसलेली ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाऊं देऊं नये. आणि शिरस्त्राण, पट्टा व डोक्यावरील पिंजरा यांवांचून कोणासही तींत बसवूं नये. टायर पुन्हां मिळतो.

शेवटीं मंडळांना आमची सूचना. आपल्या शेजारीं वाळूज येथें बाळकृष्ण इंडस्ट्रीज यांच्या कारखान्यांत शेतीच्या व रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनांचे टायर होतात, आणि त्यांतील मोठा भाग परदेशांतील शेतकऱ्यांकडे जातो. तेथील शेतकरी जमीन, वजन व हवा यांचें कोष्टक पाहून टायर मागतो. आपण ‘भारी नक्षीचा दाखवा’ म्हणून मागतों. दुकानांत तेंच ठेवलें जातें जें गिऱ्हाईक मागतें. म्हणून मागणें आधीं सुधारलें पाहिजे. प्रत्येक गांवच्या मंडळानें कमी दाबाचें एक हवामापक, एक पंप व एक सळई ठेवावी. खरिपापूर्वीं एक दिवस ठरवून, एकाच गाडीला तीन प्रकारचे टायर व तीन दाब देऊन, काळ्या व मुरमाड अशा दोन्ही रानांत ती सर्वांसमक्ष चालवून दाखवावी. आणि तें काम गांवच्याच तंत्रशिक्षित मुलांवर सोंपवावें. त्यांस गाडी चालविण्याची हौस आहे, आपल्यास जमीन राखण्याची गरज आहे. दोन्ही एका दिवसांत भागतील. आमच्या मंडळानें हें येत्या वैशाखांत करण्याचें योजिलें आहे. सभासदांनीं येतांना आपआपल्या रानांतील मूठभर माती बरोबर आणावी. टायरची निवड तिच्यापासूनच सुरू होईल.